झाडांचं नवं वर्ष लहान मुलांसोबत: तू बिश्वातबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या ताई-बाईंसाठी आणि घरच्या मोठ्यांसाठी आहे. सगळी प्रमाणं १२ मुलांच्या वर्गाला धरून दिली आहेत.

तू बिश्वात म्हणजे काय? आणि एवढ्याशा मुलाला त्यातलं किती सांगायचं?

ज्यू पंचांगात चार नवी वर्षं आहेत, आणि त्यांतलं एक झाडांचं. ते शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी सुरू होतं. मिश्नामध्ये, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, यावर दोन गुरूंच्या परंपरांमधला मतभेद नोंदवलेला आहे: शम्मायच्या परंपरेप्रमाणे शेवातची पहिली तारीख, हिल्लेलच्या परंपरेप्रमाणे पंधरावी. पंधरावी टिकली. मूळ कारण हिशेबाचं होतं. फळांचा दशांश (धर्मासाठी काढायचा दहावा भाग) कोणत्या वर्षात धरायचा आणि झाड किती वर्षांचं झालं, हे ठरवायला एक दिवस नेमून द्यावा लागला. नव्या झाडाची पहिली तीन वर्षांची फळं खायची नाहीत असा तोरातला, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातला, नियम आहे, त्यासाठीही वय मोजावं लागतं.

चार वर्षांच्या मुलाला यातलं एवढंच पुरे: “आजपासून झाडाचं नवं वर्ष. आज आपण झाडाची फळं खायची, बी पेरायची आणि देवाचे आभार मानायचे.” दशांश वगैरे मोठ्या वर्गासाठी राहू द्या.

“झाडांचा वाढदिवस” म्हटलं तर चालेल का?

बरेच जण म्हणतात. पण मग मुलांना केक आणि मेणबत्त्या हव्या होतात आणि फळं बाजूला राहतात. “झाडाचं वय मोजायचा दिवस” हे मूळ अर्थालाही जवळचं आहे आणि त्याला जोडून हाताला कामही मिळतं. लाकडाच्या वखारीतून सागाची दोन बोटं जाडीची चकती आणा, ती पॉलिश पेपरने घासा आणि ओल्या फडक्याने पुसा. वलयं उठून दिसतात. मुलं मधून सुरुवात करून प्रत्येक वलयावर टाचणी नाही, तर शेंगदाण्याएवढा मातीचा गोळा ठेवत मोजतात. आंब्याच्या किंवा फणसाच्या लाकडाची चकती आणू नका, त्यात वलयं स्पष्ट नसतात आणि मोजणी फसते. सागात ती नीट दिसतात.

पुढचे तू बिश्वात कधी आहेत?

ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. २०२७ मध्ये २२ जानेवारीच्या संध्याकाळपासून २३ जानेवारीच्या संध्याकाळपर्यंत, आणि २०२८ मध्ये ११ फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून १२ फेब्रुवारीपर्यंत. दोन्ही वर्षी दिवस शनिवार, म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी पेरणं, कातरणं, रंगवणं, रस पिळणं हे काहीच करायचं नसतं. म्हणून हाताची सगळी कामं शुक्रवारी दुपारच्या आत उरका. शब्बाथला फक्त आधी चिरून ठेवलेली फळं, आशीर्वाद आणि गोष्ट. रविवारी पेरणी केली तरी हरकत नाही, मुलांना एका दिवसाचा फरक कळत नाही.

बेने इस्राएल घरांत हा सण वेगळा असतो का?

हो, आणि मराठी बोलणाऱ्या मुलांना शिकवताना इथूनच सुरुवात करावी. कोकणातल्या बेने इस्राएलांसाठी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी, हा दिवस एलियाहू हनबीचा (प्रेषित एलियाचा). अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर खूण आहे. एलियाहू हनबी तिथे प्रकटले आणि तिथूनच त्यांचा रथ स्वर्गात गेला, अशी श्रद्धा आहे. लोक तिथे जातात, नवस फेडतात, मलिदा करतात. जुन्या पिढीत याला एलियाहू हनबीचा उरूस म्हणत.

मलिद्याच्या ताटात गोड पोहे आणि भोवती फळं असतात, म्हणजे फळांचा सण घरात आधीपासून आहेच. इस्रायलमधल्या बालवाडीचा आराखडा जसाच्या तसा उचलला तर हे सगळं गळून जातं. मुलाची आजी अजून मलिदा करत असेल तर तिला वर्गात बोलवा. छापील चित्रं रंगवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

एका दिवसात किती गोष्टी करता येतात?

तीन. त्यातली एक खाण्याची, एक मातीची आणि एक बसून ऐकण्याची. तीन-चार वर्षांच्या मुलाचं लक्ष एका कामावर दहा-बारा मिनिटं टिकतं, पाच-सहा वर्षांच्याचं वीस. बारा मुलांचे चार-चारचे तीन गट करा आणि प्रत्येक गटामागे एक मोठं माणूस ठेवा. माती आणि खाणं एकाच टेबलावर नको. आधी खाणं, मग माती, मग हात धुणं. उलट क्रम लावला तर हात दोनदा धुवावे लागतात आणि नखांतली माती खजुरावर येते.

कोणती फळं आणायची?

तोरामध्ये इस्राएलच्या भूमीच्या सात जाती सांगितल्या आहेत: गहू, जव, द्राक्षं, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह आणि मध. हा मध मधमाश्यांचा नाही, खजुराचा धरतात. सातही गोष्टी महाराष्ट्रात मिळतात, त्यामुळे चित्रं दाखवायची गरज नाही.

बारा मुलांना पुरेल इतकं: बिया असलेला खजूर २४ नग, सुकी अंजिरं १२, डाळिंबं २, हिरवी आणि काळी द्राक्षं पाव-पाव किलो, ऑलिव्हची लहान बाटली, गव्हाच्या लोंब्या मिळाल्या तर एक जुडी. नाशिकची द्राक्षं या दिवसांत बाजारात येऊ लागलेली असतात. पुरंदरची ताजी अंजिरं मिळाली तर दोनच आणा, एक उभं चिरून आतला भाग दाखवायला. जव घेताना सालासकट घ्या. त्याचं कारण पेरणीच्या प्रश्नात आहे.

ऑलिव्हचं काय करायचं हे आधी ठरवा. बाटलीतलं ऑलिव्ह खारट असतं आणि दहातली आठ मुलं ते थुंकतात. दोन तास साध्या पाण्यात ठेवलं, मध्ये पाणी बदललं, तर खारटपणा बराच उतरतो. खायला द्यायच्या ऐवजी तेल दाखवणं जास्त रंगतं: खाकी कागदावर एका बाजूला पाण्याचा थेंब आणि दुसऱ्या बाजूला ऑलिव्ह तेलाचा थेंब टाकायला लावा. पाण्याचा डाग अर्ध्या तासात वाळतो. तेलाचा राहतो आणि कागद उजेडाकडे धरला की त्यातून प्रकाश येतो.

युरोपातल्या ज्यू घरांत या दिवशी कॅरोबची वाळकी शेंग खात, कारण इतक्या लांबच्या प्रवासात तीच टिकायची. आपल्याकडे ती सहज मिळत नाही. दाखवायला वाळकी चिंच ठेवा: तीही शेंगच, हलवली तर चिंचोका वाजतो.

तीन ताटांचा खेळ कसा खेळायचा?

सोळाव्या शतकात त्सफात गावच्या कब्बालावाद्यांनी (ज्यू गूढवाद्यांनी) या दिवसासाठी फळांचा सेदेर बसवला, म्हणजे ठरावीक क्रमाने फळं खाणं आणि पेले पिणं. त्यात फळांचे तीन गट आहेत: ज्यांचं बाहेरचं टाकायचं, ज्यांचं आतलं टाकायचं, आणि जी सगळीच खायची. लहान मुलांसाठी याहून सोपं वर्गीकरण शोधून सापडणार नाही.

तीन स्टीलची ताटं घ्या. पहिल्यात डाळिंब, संत्रं, नारळ, अक्रोड. दुसऱ्यात खजूर, बोर, ऑलिव्ह. तिसऱ्यात अंजीर, बिनबियांची द्राक्षं, स्टार फ्रूट. आधी ताटं रिकामी ठेवा, फळं टोपलीत. मूल एक फळ उचलतं, दाबून पाहतं, अंदाज सांगतं. मग मोठं माणूस ते चिरतं आणि मूल ठरवतं कुठे ठेवायचं. फळ आधीच चिरून ठेवलं तर खेळच संपला.

गोंधळ घालणारी फळं मुद्दाम एक-दोन ठेवा. चिकूचं साल काहीजण खातात आणि बी कोणीच खात नाही. आंब्याचं दोन्ही टाकायचं. मुलं इथे भांडतात. भांडू द्या, हवं तर “दोन्ही टाकायचं” असं चौथं ताट मांडा. सफरचंद कुठे, यावर मोठ्यांचंही एकमत होत नाही.

डाळिंब मुलांकडून सोलून घेतलं तर सगळीकडे डाग पडणार नाहीत का?

पाण्यात सोललं तर नाही. मोठ्या माणसाने मुकुटाकडची चकती कापावी, आतले पांढरे पडदे दिसतील त्यांच्या रेषेवर सालीला वरवर चिरा द्याव्यात आणि डाळिंब हाताने उघडावं. प्रत्येक फोड पाण्याने भरलेल्या पसरट पातेल्यात टाका आणि मुलांना पाण्याखाली बोटांनी दाणे सोडवू द्या. दाणे तळाला जातात, पिवळसर पापुद्रे वर तरंगतात आणि चहाच्या गाळणीने मुलंच ते काढून टाकतात. रस उडत नाही. भगवा जातीचं घ्या, त्याची बी मऊ असते. चार मुलांना एक पातेलं पुरतं. सहा झाली की कोपरं लागतात आणि पाणी सांडतं.

घशात अडकण्याची भीती कोणत्या फळांची?

सगळ्यात जास्त द्राक्षाची. गोल, गुळगुळीत, आणि लहान मुलाच्या श्वासनलिकेत घट्ट बसेल अशा आकाराचं. आडवं अर्धं कापून उपयोग नाही. उभ्या चार फोडी करा. खजूर आणि बोर बी काढून, बारीक तुकडे करून द्या. अक्रोड, बदाम, काजू, शेंगदाणे अख्खे पाच वर्षांखालच्या मुलांना द्यायचे नाहीत, पूड चालते. लाह्या आणि पॉपकॉर्नही नको. सफरचंदाच्या फोडी नाहीत, पातळ चकत्या. खाताना मूल बसलेलं हवं. पळताना खाणं आणि खाताना गाणं, दोन्ही बंद.

पालकांना आठवडाभर आधी चिठ्ठी पाठवून विचारा: सुका मेवा, तीळ, किवी यांपैकी कशाची ॲलर्जी आहे का. एकाही मुलाला असेल तर तो पदार्थ त्या दिवशी वर्गातच आणू नका, वेगळ्या टेबलावरही नको.

आणि बियांच्या कामात गुंजा वापरू नका. लाल-काळ्या असल्याने चिकटकामात हमखास येतात, पण त्या विषारी आहेत. एरंडाच्या बियाही तशाच, आणि कच्चा राजमाही तोंडात जाऊ नये. मूग, चवळी, चिंचोके चालतील. चिंचोका मात्र मोठ्यांच्या नजरेसमोरच.

फळांत कीड पाहायची म्हणतात, ती कशी?

धर्माचरण पाळणाऱ्या घरांत किडा असलेलं फळ चालत नाही, म्हणून हे काम सणाचाच भाग आहे, आणि मुलांना ते फार आवडतं. खजूर उभा उघडा, बी काढा, उजेडात धरा. आत काळी भुकटी किंवा जाळं दिसलं की टाका. सुकं अंजीर अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून, चिरून आतली बाजू बाहेर करा. पाच वर्षांच्या मुलाच्या हातात भिंग द्या. अंजिराच्या आतले बारीक दाणे बिया आहेत हे आधी दाखवा, नाहीतर पहिलंच अंजीर पाहून “किडे!” असा आरडाओरडा होतो आणि नंतर कोणी अंजीर खात नाही.

आशीर्वाद कोणते म्हणायचे? केळ्यासाठी वेगळा असतो का?

झाडाच्या फळावरच्या आशीर्वादाचा शेवट “बोरे पेरी हाएत्स” असा, आणि जमिनीतून येणाऱ्यावरच्याचा “बोरे पेरी हाअदामा”. केळ्यावर दुसरा म्हणतात, कारण केळीला दरवर्षी टिकणारं लाकडी खोड नसतं. घड दिला की ती मरते आणि बाजूने नवा कोंब येतो. अननस आणि स्ट्रॉबेरीही जमिनीच्या बाजूला. मुलांच्या पुढे केळफूल किंवा केळीच्या सोपटाचा तुकडा ठेवा, एकेक पदर सोलायला लावा. आत लाकूड सापडत नाही. नियम सांगण्यापेक्षा हे लवकर समजतं.

हंगामातलं पहिल्यांदा खाल्लं जाणारं फळ असेल तर शेहेखेयानू हा आशीर्वादही म्हणतात. म्हणून एक तरी फळ असं ठेवा जे मुलांनी त्या वर्षी अजून खाल्लेलं नाही. सात जातींमधली फळं समोर असतील तर सुरुवात त्यांच्यापासून: फळांत आधी ऑलिव्ह, मग खजूर, द्राक्ष, अंजीर, डाळिंब. ऑलिव्ह न खाणाऱ्यांनी खजुरापासून सुरू करावं.

चार पेल्यांचं काय? मुलांना वाइन थोडीच देणार!

सेदेरमध्ये चार पेले पांढऱ्याकडून लालकडे जातात. लहानांसाठी द्राक्षाचा रस. प्रत्येकी ३० मिली: पहिला सगळा पांढरा, दुसरा २५ पांढरा आणि ५ लाल, तिसरा १५-१५, चौथा ५ पांढरा आणि २५ लाल. १२ मुलांना पांढरा ९०० मिली आणि लाल ५४० मिली लागतो, सांडलवंडीसाठी थोडा जास्त ठेवा. पेले पारदर्शक हवेत. स्टीलच्या फुलपात्रात रंगच दिसत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. लाल रस मुलांनीच ओतावा, औषधाच्या पाच मिलीच्या मापाने.

द्राक्षाच्या रसाचे कोशर नियम, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे नियम, कडक आहेत, त्यामुळे तसं पाळणाऱ्या घरांतली मुलं असतील तर शिक्का पाहूनच बाटली घ्या. ती मिळाली नाही तर साखरेच्या पाण्यात कोकमाचं आगळ थेंब-थेंब वाढवत नेलं तरी रंग सुरेख चढत जातो. मात्र मग द्राक्षाचा आशीर्वाद म्हणायचा नाही, साध्या पेयांचा म्हणायचा. आगळ खारट असतं, म्हणून आधी स्वतः चाखून साखर ठरवा.

मलिदा मुलांच्या हातून होईल का?

होईल, विस्तवच लागत नाही. जाडे पोहे २ वाट्या, एका नारळाचं खोवलेलं खोबरं, साखर पाऊण वाटी, वेलची पूड अर्धा चमचा, चिमूट जायफळ, चिमूट मीठ. सुका मेवा ॲलर्जी नसेल तरच, पूड करून.

पोहे चाळणीत घालून नळाखाली दोनदा धुवा, पंधरा मिनिटं निथळत ठेवा. तेवढ्यात मुलं परातीत खोबरं आणि साखर हाताने चोळतात. मग पोहे घालून हलक्या हाताने कालवायचं. ताटात मधोमध पोह्यांचा ढीग, कडेने पाच प्रकारची फळं. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मोठे चमचे येतात.

पातळ पोहे घेतले तर लगदा होतो. जाडे पोहेही पाण्यात बुडवून ठेवले तर तेच. साखर घातल्यावर खोबऱ्याला पाणी सुटतं, म्हणून कालवल्यावर अर्ध्या तासात खाऊन टाका. सकाळी खोवलेलं खोबरं दुपारपर्यंत बाहेर राहिलं तर आंबतं; फ्रिज नसेल तर नारळ वर्गातच फोडा. फोडतानाचं पाणी भांड्यात धरा, मुलं नारळापेक्षा त्यालाच जास्त खूश होतात.

एक भान मात्र हवं. मलिदा हा नवसाचा, शुभकार्याचा विधी आहे. त्यात एलियाहू हनबीची स्तुती आणि ठरावीक प्रार्थना येतात. वर्गात आपण फक्त पदार्थ करतो. मुलांना तसं सांगा, आणि विधीबद्दल घरच्यांना किंवा सिनेगॉगच्या हाझानांना (प्रार्थना म्हणणाऱ्यांना) विचारा.

इस्रायलमध्ये मुलं या दिवशी झाडं लावतात. आपणही रोपं लावायची का?

जमिनीत नको. १८९० मध्ये झिख्रोन याकोव्ह या गावी झेएव्ह यावेत्झ यांनी शाळेतल्या मुलांना घेऊन झाडं लावली, १९०८ पासून शिक्षक संघटनेनं ती प्रथा उचलून धरली. पण तिथे हे पावसाळ्याचे दिवस. जमीन ओली असते, लावलेलं रोप निदान महिना-दोन महिने पाण्यावाचून राहत नाही. महाराष्ट्रात त्याच दिवसांत पाऊस चार महिने मागे पडलेला असतो आणि पुढचा जूनमध्ये. सोसायटीच्या कडेला लावलेलं रोप एप्रिलच्या सुट्टीत पाण्याविना मरतं, आणि जूनमध्ये मुलांना वाळकी काडी दिसते. म्हणून आता बी पेरा किंवा रोप कुंडीत ठेवा आणि पहिल्या दोन-तीन पावसांनंतर जमिनीत लावा. पेरल्याच्या आणि जमिनीत लावायच्या, अशा दोन तारखांवर कॅलेंडरमध्ये खुणा करून ठेवा, मुलांना वाट पाहायला आवडतं.

इस्रायलमध्ये दर सातव्या वर्षी, शमिता वर्षात, जमिनीला विश्रांती असते आणि तू बिश्वातला झाडं लावत नाहीत. पुढचं शमिता वर्ष सप्टेंबर २०२८ मध्ये सुरू होतं. हा नियम तिथल्या भूमीपुरता आहे, मुंबई-पुण्याच्या कुंडीला लागू नाही.

मग काय पेरायचं, जे मुलांच्या डोळ्यांसमोर उगवेल?

तीन वेगवेगळ्या वेगाच्या गोष्टी पेरा.

*गहू आणि जव.* सात जातींतल्या या दोन, आणि चौथ्या दिवशी हिरवं दिसतं. २० बाय ३० सेंटिमीटरच्या ट्रेला तळाशी भोकं पाडा, चार सेंटिमीटर माती घाला. १०० ग्रॅम दाणे रात्रभर भिजवून एकाला एक लागून, पण एकावर एक न येता पसरा, वर मातीचा पातळ थर. दोन दिवस ओल्या फडक्याने झाका. आठ-दहा दिवसांत वीतभर होतात, मग मुलं कात्रीने “केस कापतात”. वाण्याकडची सोललेली बार्ली उगवत नाही, साल काढताना तिचा कोंबच दुखावलेला असतो. सालासकट जवच हवा. नवरात्रात घटाभोवती धान्य उगवलेलं पाहिलेली मुलं लगेच ओळखतात आणि “घट बसवला का?” विचारतात. उगवण्याची रीत तीच, पण इथे पूजा नाही, एवढं सांगा.

*पार्सली किंवा कोथिंबीर.* ती पेसाख या वसंतातल्या ज्यू सणाच्या सेदेरला (विधीच्या जेवणाला) मिठाच्या पाण्यात बुडवायला वापरता येते, म्हणून दोन सण जोडले जातात. कागदी पेल्याला तळाशी चार भोकं, दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग शेणखत. पार्सलीचं बी २४ तास कोमट पाण्यात भिजवा, अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. ते उगवायला दोन-तीन आठवडे घेतं आणि या काळात मुलं “मेलं” म्हणून माती उकरतात. धणे हाताने रगडून दोन फाकी करून पेरले तर आठ-दहा दिवसांत येतात. २०२७ हे ज्यू पंचांगात अधिक महिन्याचं वर्ष आहे. पेसाखचा सेदेर २१ एप्रिलच्या संध्याकाळी, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांनी. जानेवारीत पेरलेली कोथिंबीर तोवर फुलावर येऊन संपते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुसरी पेरणी करा.

*खजुराची बी.* खाल्लेल्या खजुराच्या बिया दोन दिवस पाण्यात, रोज पाणी बदलून. मग ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून बंद पिशवीत, उबेच्या जागी. तीन ते सहा आठवड्यांत पांढरा कोंब निघतो. पहिलं पान गवताच्या पात्यासारखंच असतं, हे आधी सांगून ठेवा. मुलांना एक खरी गोष्टही सांगता येते: इस्रायलमधल्या मसादा या जुन्या किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली सुमारे २,००० वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये केतुरा किबुत्झमध्ये (सामूहिक वस्तीत) एलेन सोलोवे यांनी पेरली आणि ती उगवली. त्या झाडाचं नाव मेथुसेलाह. ते नर निघालं, त्यामुळे त्याला खजूर लागत नाहीत. पण तशाच जुन्या बियांपासून आलेल्या हन्ना नावाच्या मादी झाडाला त्याच्या परागांमुळे २०२० मध्ये खजूर लागले.

पेरलेलं कुजतं किंवा बुरशी येते. काय चुकतं?

जवळजवळ नेहमी पाणी. बारा मुलं प्रत्येकी एकदा “थोडंसं” घालतात. झाकणाला सुईने पाच-सहा भोकं पाडलेली अर्ध्या लिटरची एकच बाटली ठेवा आणि दिवसाला एकाच मुलाची पाळी. बोट मातीत टेकवून ओल लागली तर पाणी नाही, हा नियम तीन वर्षांच्या मुलालाही जमतो. गव्हाच्या ट्रेवर पांढरी लव दिसली तर आधी नीट पाहा: मुळांचे बारीक केसही पांढरेच असतात आणि पाणी फवारलं की दिसेनासे होतात. बुरशी तशीच राहते आणि वास येतो. तेवढा भाग चमच्याने काढा, झाकण काढून ट्रे खिडकीशी ठेवा.

बदामाच्या फुलांचं झाड सगळीकडे करतात. ते कसं?

इस्रायलमध्ये या सुमारास बदाम फुलतो. पांढरी ते फिकट गुलाबी, पाच पाकळ्यांची फुलं, आणि ती पानांच्या आधी येतात. म्हणून चित्रातल्या झाडाला हिरवी पानं चिकटवायची नाहीत. बहुतेक वर्गांत इथेच चूक होते.

मुलाच्या पंजाला आणि मनगटाच्या वरच्या भागाला स्पंजने तपकिरी रंगाचा पातळ थर लावून जाड कागदावर ठसा घ्या: हात खोड, बोटं फांद्या. रंग जाड लावला तर बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी उमटतात. वीस मिनिटं वाळू द्या. पतंगी कागदाचे चार सेंटिमीटरचे चौकोन, प्रत्येकी पंधरा, पेन्सिलीच्या मागच्या टोकावर पिळून, डिंकात टेकवून लावायचे. डिंक घट्ट हवा, पातळ असला तर कागदाचा रंग सुटतो.

आपल्या रस्त्यांवरचा देशी बदाम हे वेगळंच झाड. जानेवारी-फेब्रुवारीत त्याची पानं लाल होऊन गळतात. ती गोळा करा, मागच्या बाजूला रंग लावून ठसे घ्या, पण हाच तो बदाम असं सांगू नका. फुललेलं झाड दाखवायचं असेल तर आंब्याचा मोहोर दाखवा, याच दिवसांत असतो.

कोणती गोष्ट सांगावी?

तालमूद या जुन्या ज्यू ग्रंथातली, होनी नावाच्या माणसाची. वाटेत एक माणूस कॅरोबचं झाड लावत असतो. होनी विचारतो, फळ कधी येणार? सत्तर वर्षांनी. तेवढं जगशील का? तो म्हणतो, मी जन्मलो तेव्हा झाडं होतीच. माझ्या वाडवडिलांनी माझ्यासाठी लावली, मी मुलांसाठी लावतो. इथेच थांबा. पुढे होनी सत्तर वर्षं झोपतो, उठल्यावर त्याला कोणी ओळखत नाही, आणि शेवट दुःखाचा आहे. तो दहा वर्षांच्या मुलांसाठी ठेवा. खऱ्या कॅरोबला सत्तर वर्षं लागत नाहीत, पण ही शंका पाच वर्षांचं मूल काढत नाही.

वर्गात ज्यू मुलं एक-दोनच आहेत, किंवा नाहीतच. तरी करावं का?

करावं, पण आशीर्वाद सगळ्यांकडून म्हणून घेऊ नयेत. “ज्यू घरांतली मुलं फळ खाण्याआधी असं म्हणतात” एवढं सांगावं. डोक्यावर किप्पा (ज्यूंची छोटी गोल टोपी) घालून फोटो काढायची काहीच गरज नाही. ज्या मुलाच्या घरी हा सण आहे त्याला सगळ्यांसमोर उभं करून प्रश्न विचारू नका. चार वर्षांच्या मुलाला बऱ्याचदा उत्तर येत नाही. त्याला फळाचं ताट फिरवायला द्या. याच महिन्यात काही मुलांचं बोरन्हाण झालेलं असतं. त्यातली बोरं तीन ताटांच्या खेळात येतात, पण दोन सणांचं नातं जोडायला जाऊ नका, तसं ते नाही.

मूल फळाला हातच लावत नसेल तर?

जबरदस्ती नको. त्याच्या हातात चिमटा किंवा चमचा द्या, नुसतं वाढायला सांगा. वास घ्यायला सांगा. सुगंधासाठीही वेगळा आशीर्वाद आहे, आणि सब्जाची पानं चुरून हुंगली तरी मूल त्यात सामील होतं. डिंक-रंगाने चिकट झालेल्या हातांचा कंटाळा येणारी मुलं गव्हाच्या कोरड्या दाण्यांत मात्र आनंदाने हात घालतात. त्यांच्यासाठी एका परातीत अर्धा किलो गहू, दोन वाट्या आणि एक गाळणी वेगळी ठेवा, आणि दिवसाच्या शेवटी ते दाणे चाळून पक्ष्यांना टाका.